खडू खाली ठेवायचा

३ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत. तू कशी आहेस? बरीच असशील. भाऊजींचा गुडघा कसा आहे? सुधारला असेल, आणि नसला तरी ते कुठे सांगणार आहेत! तुला तिकडे करमतं ना? करमत असणारच, न करमायला काय झालं. चला, क्षेमकुशल उरकलं, आता बोलू.

तू म्हणशील, फोन असताना ही पत्रं कसली. अगं, तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी धडाधड दहा वाक्यं बोलायची आणि तू एक ‘हं’ टाकायचा. त्यात भाऊजी स्पीकर लावून ठेवतात आणि मधेच ‘वा वा’ म्हणतात. माणूस लाखाचा आहे, पण मी काही गाणं म्हणत नसते. पत्रात निदान तुझा ‘हं’ ऐकू येत नाही. मला हवं ते उत्तर मी धरून चालते.

इकडची खबरबात. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने पाव लहान केलाय आणि वर म्हणतो, ‘मॅडम, तुमची भूक वाढली असेल.’ तुझं लग्न होऊन दीड वर्ष झालं तरी तुझी गिऱ्हाइकं अजून बेल वाजवतात. परवा एक बाई पँटची चेन बदलायला घेऊन आल्या. मी म्हटलं, ताई इथे नसतात आता, लग्न करून दुसऱ्या गावी गेल्या. तर डोळे मोठे करून म्हणतात कशा, ‘पन्नाशीत?’ मी म्हटलं, तुम्हाला चेन बदलायची आहे का त्यांचं वय? गेल्या फणकाऱ्याने. तुझं एक गिऱ्हाईक तुटलं समज.

तुझ्या शिलाई मशीनच्या जागी मी टेबल टाकलंय. फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग राहिलेत. घासून पाहिले, जात नाहीत. टेबलाचे पाय त्यांच्यावर नीट बसत नाहीत, कसंही सरकवलं तरी एखादा डाग बाहेर राहतोच.

हां, आणि एक सांगायचं राहिलं. परदेशातल्या शाळांत इंग्रजी शिकवायला शिक्षक हवेत, अशी जाहिरात आली होती. एक मंडळ आहे, ते मुलाखत घेतं आणि निवड झाली की दोन वर्षांसाठी तिकडच्या लहान लहान गावांतल्या शाळांत पाठवतं. राहायला खोली देतात. वयाची अट पंचेचाळीसच्या आतली. मला पंचेचाळीस पुरी व्हायला आलीत, म्हणजे ही गाडी चुकली तर पुढची नाहीच. मी आपला अर्ज टाकून दिला, आणि आलं की बोलावणं! मार्चच्या अखेरीला मुलाखत. कॉम्प्युटरवरच. त्यात दहा मिनिटांचा धडा घेऊन दाखवायचा, आणि परीक्षकच विद्यार्थी होऊन बसणार.

तू म्हणशील, ‘या वयात कशाला?’ मी म्हणेन, तू म्हणतेस हे? तू? तू म्हणशील, ‘इथली नोकरी कायमची आहे.’ मी म्हणेन, कायमचं काय असतं ताई. तू म्हणशील, ‘आणि घर?’ मी म्हणेन, कुलूप. मग तू गप्प बसशील. बघ, जिंकले की नाही?

अडवायचं असेल तर आत्ताच अडव, मागाहून बोंब मारायची नाही. पण तू नाहीच अडवणार, मला माहीत आहे.

भाऊजींना नमस्कार. त्यांनी ‘वा वा’ म्हटलं असेल, ते पोचलं.

तुझी,
टकळी


१७ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. काय ते कार्ड! ‘वाचून आनंद झाला. तिकडे थंडी असते. कोट शिवते. मापं पाठव.’ शब्दाला पैसे पडतात का गं तुला? आनंद झाला म्हणे. झाला ना? बरं झालं. माझी एवढी मोठी गोष्ट, आणि तुला पहिल्यांदा काय आठवलं, तर थंडी.

मला वाटलं होतं की तू निदान... जाऊ दे. कोट शीव. राखाडी नको, राखाडीत मी आजारी दिसते.

मापं सोबत लिहिली आहेत. छाती, कंबर, बाही ठीक आहेत. पाठीवर मात्र भरवसा ठेवू नकोस. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पाठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही, हे तुला माहीत होतं का? असणारच, तुझा धंदाच तो. मला मात्र चव्वेचाळीसाव्या वर्षी कळलं. टेपचं टोक दाराच्या कडीत अडकवून पाहिलं, दाताने धरून पाहिलं, आरशाकडे पाठ करून मान मोडेपर्यंत वळून पाहिलं. टेप खाली आणि मी वर! शेजारणीला बोलवावं म्हटलं, तर ती घरी नव्हती. म्हणजे होती, पण पाठीचं माप घ्यायला कोणाचं दार काय वाजवायचं? शेवटी जुन्या जॅकेटवरून अंदाजे आकडा ठोकून दिलाय.

तू कशी घ्यायचीस! मी भांडी घासत असले तरी मागून येऊन टेप टाकायचीस. तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं नाहीच. ‘उं’ म्हणजे सरळ उभी राहा, ‘उं उं’ म्हणजे पोट आत घे. आई गेली तेव्हा मी शाळेत होते, आणि तेव्हापासून तू ते मशीन चालवलंस. तुझ्या तोंडात सदा टाचण्या म्हणूनच तर बोलायचं खातं माझ्याकडे आलं. गिऱ्हाइकाने विचारावं, ‘कधी मिळेल?’ आणि आतून मी ओरडावं, ‘मंगळवारी!’ ‘थोडं सैल करता येईल का?’ ‘येईल, पण वेगळे पैसे!’ कोणी विचारलं, ‘ताई, चहा घेणार?’ तरी मीच, ‘ती घेत नाही या वेळेला.’ टकळी हे नाव मला तूच ठेवलंस, आणि तेसुद्धा टाचण्या काढून ठेवल्यावर.

आता मुलाखतीची तयारी. धड्याचा विषय त्यांनीच दिलाय, ‘माझं घर’. दहा वर्षांच्या मुलांना इंग्रजीत घराबद्दल बोलतं करायचं. मी घराचं एक मोठं चित्र काढलंय. चित्रकला तुला माहीतच आहे. मांजर काढलं ते बाकासारखं दिसतंय, म्हणून त्याला बाकच केलं.

विद्यार्थी कुठून आणायचे? आपल्या दोन खुर्च्या, एक स्टूल आणि पलंगाची कड. खुर्चीवर उशी बसवली, दुसरीवर छत्री, स्टुलावर पाण्याचा जग. उशी गुणी आहे. छत्री नाठाळ, दर थोड्या वेळाने घरंगळते. जगाला सगळं येतं पण सांगत नाही, तुझ्यासारखा. मी विचारते, ‘तुझ्या घरात कोण कोण राहतं?’ आणि लगेच उशीच्या वतीने सांगते, ‘माझे आईबाबा आणि मी.’ छत्रीच्या वतीने, ‘माझी आजी.’ झकास चाललाय वर्ग. कोणी गोंधळ घालत नाही.

दुसरी तयारी म्हणजे ठरलेले प्रश्न. ‘तुम्हाला आमच्याकडे का यायचं आहे?’ हा पहिला असतो म्हणतात. मी सुरेख उत्तर लिहून पाठ केलंय. नवे अनुभव, नवी माणसं, ज्ञानाची देवाणघेवाण. आरशासमोर म्हटलं की मलाच हसू येतं.

जेवण? हो, जेवते. काय जेवते? ते विचारू नकोस.

तुझी,
टकळी


३ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. आज तक्रार नाही, आज माझीच फजिती सांगायची आहे.

खालच्या मजल्यावरच्या मोठ्या बाई आठवतात ना? आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झालेला नाही. तुझ्याकडून कोटाच्या बाह्या तीनदा उसवून घेतल्या होत्या त्याच. त्यांनी आयुष्यभर शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. मी धीर करून त्यांना म्हटलं, माझा धडा बघाल का? म्हणाल्या, ‘बघते. पण कौतुक करायला बोलवत असशील तर मला जिना चढायला लावू नकोस.’

आल्या. उशीला उठवून तिच्या जागी बसल्या. काठी मांडीवर. मी सुरू केलं. चित्र दाखवलं, अभिनय केला, आवाज चढवला, उतरवला. मला वाटलं, काय रंगलंय! संपल्यावर बाईंनी मांडीवरची काठी खाली टेकवली. मग म्हणाल्या, ‘मी विद्यार्थी होते ना? मग मला एकदा तरी तोंड उघडू दिलंस का?’

मी म्हटलं, ‘अहो, मी प्रश्न विचारले की!’

‘विचारलेस. आणि उत्तरंही तूच दिलीस. घरात कोण राहतं? आईबाबा. खिडकी कुठे आहे? इथे आहे. मी आ वासायच्या आत उत्तर तयार. तुझ्या वर्गात मुलांना काम तरी काय असतं गं? हजेरी द्यायची आणि घरी जायचं?’

मला काय राग आला! वीस वर्षं शिकवतेय, आणि ही बाई माझ्याच खुर्चीवर बसून मला शिकवते. म्हटलं, मुलं लवकर बोलत नाहीत, वेळ जातो. त्या म्हणाल्या, ‘जाऊ दे की. तुझ्या मालकीचा आहे का?’ मग जरा मऊ आवाजात विचारलं, ‘घरी कोणाशी बोलतेस?’

‘कोणाशी म्हणजे?’

‘तेच विचारतेय.’

मी चहाचं आधण बघायला आत गेले. चहा आधीच झाला होता.

ताई, तुला म्हणून सांगते. हसशील तर हस. तू गेल्यापासून मी घरात दोघींचं बोलते. ‘चहा टाकू का?’ ‘टाक.’ ‘साखर?’ ‘अर्धा चमचा.’ ‘आज लवकर झोपू या का?’ तुझ्या वाट्याला बरेचदा ‘हं’ एवढंच येतं, पण ते मी अगदी तुझ्यासारखं काढते, नाकातून. पहिल्या पहिल्यांदा गंमत म्हणून करायचे. आता गंमत वाटत नाही आणि बंदही करवत नाही. घरी उत्तर माझं मलाच द्यावं लागतं, नाहीतर ते येतच नाही. आणि तीच खोड मी वर्गात घेऊन गेले.

मोठ्या बाईंनी उपाय सांगितला. त्यांच्या काळची रीत. प्रश्न विचारला की हातातला खडू खाली ठेवायचा. उत्तर येईपर्यंत उचलायचा नाही. काही झालं तरी नाही. ‘हातात खडू असला की शिक्षकाला बोलायचा हक्क वाटतो,’ म्हणाल्या. ‘खाली ठेवला की हात मोकळा आणि तोंड बंद.’

शुक्रवारी सातवीच्या वर्गात करून पाहिलं. विचारलं, खिडकीबाहेर काय काय दिसतंय ते इंग्रजीत सांगा. आणि ठेवला खडू. अगं, काय ती शांतता! जीभ नुसती वळवळत होती, झाड, रस्ता, सायकल, सगळं ओठांवर. मुलांना वाटलं मला चक्कर येतेय. पहिल्या बाकावरच्याने बाटली पुढे केली. मी मान हलवली आणि उभी राहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ही मुलगी गेल्या वर्षापासून माझ्या वर्गात आहे, आणि मी तिला मनातल्या मनात मुकी म्हणायचे. ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, ‘समोरच्या छपरावर एक माणूस आहे आणि तो उतरायची शिडी शोधतोय.’

आणि खरंच होता! टाकी दुरुस्त करणारा. त्याची शिडी कोणीतरी उचलून नेली होती. सगळा वर्ग खिडकीत. मी शिपायाला पाठवलं तेव्हा बिचारा खाली आला. वर्गाची वाट लागली ती लागलीच, पण त्या मुलीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जरासा घोगरा आहे.

घरी येताना मला एकच आठवत होतं, तो दिवस. भाऊजी तेव्हा भाऊजी नव्हते, नुसते चष्मेवाले होते. आपल्या दोघींचे चष्मे त्यांच्याच इथल्या जुन्या दुकानातले. पँट आखूड करायला आले होते, स्टुलावर उभे, तू खाली बसून टाचतेस. आणि ते तसेच वरून म्हणाले, ‘मी एकटाच असतो. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?’ आतून मी ठसक्यात, ‘अहो काहीतरीच काय! ती कुठे लग्न करतेय आता!’ आणि बाहेर येऊन बघते तर तू तोंडातली एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचत होतीस. एक झाली. दुसरी. घाई म्हणून नाही. शेवटची काढलीस आणि म्हणालीस, ‘हो.’ माझ्याकडे न बघता.

मी टाळ्या वाजवल्या. लग्नाची धावपळ मी केली, नोंदणी कार्यालयात साक्षीदाराची सहीसुद्धा माझीच. सगळे म्हणाले, धाकटीला केवढा आनंद झालाय! झालाच होता. नाही कसा? झालाच होता गं.

पुरे. कोटाला गळ्यापर्यंत बटणं लाव.

तुझी,
टकळी


३१ मार्च, रविवार

प्रिय ताई,

काल झाली एकदाची मुलाखत. नमस्कार राहिला, तो घे.

आधी कोटाबद्दल. गुरुवारी पार्सल आलं. निळा! मला निळा हवा होता हे मी कोणत्या पत्रात लिहिलं होतं? कुठल्याच नाही. घालून पाहिला आणि खांद्यावर बसला तो असा की जणू मी आत असतानाच शिवलाय. मग लक्षात आलं, मी पाठवलेलं पाठीचं माप साफ चुकलं होतं. जुनं जॅकेट पुन्हा मोजलं, चांगलं बोटभर कमी लिहिलं होतं मी. म्हणजे तू माझ्या मापांकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. मग मागवलीस कशाला? तुला... नाही. याचं उत्तर मी देत नाही. सवय मोडतेय, धीर धर.

मुलाखतीला तोच घालून बसले. घरात, पंखा बंद करून, गळ्यापर्यंत बटणं. घामाने निथळत होते, पण ऐट बघ. कॉलर मागून जराशी टोचत होती, नवीन कापड असेल. कॉम्प्युटर टेबलावर, म्हणजे तुझ्या मशीनच्या जागी. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, म्हणून खडूसुद्धा घेऊन बसले. फळा नाही तरी.

पडद्यावर तिघं. मधे एक वयस्क बाई, करड्या केसांच्या. एक तरुण गृहस्थ, सतत काहीतरी खात होते. तिसऱ्यांचा कॅमेरा बंद, नुसता काळा चौकोन. सगळं इंग्रजीतच चाललं होतं, तुला मी आपल्या भाषेत सांगते.

पहिला प्रश्न तोच, आमच्याकडे का यायचं आहे. मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. बाईंनी मान डोलावली. त्यांनी हे दिवसभर ऐकलं असणार.

मग धडा. चित्र दाखवलं. विचारलं, ‘तुमच्या घरात कोण कोण राहतं?’ आणि खडू खाली ठेवला. खट् असा आवाज झाला. कोणी बोलेना. मला वाटलं तार तुटली. हात दोनदा खडूपर्यंत गेला आणि मी तो मांडीखाली दाबून बसले. आणि ताई, तो काळा चौकोन बोलला! अगदी दहा वर्षांच्या मुलासारखं, अडखळत, ‘माझी आई. आणि एक मांजर. मांजर म्हातारी आहे.’ मी विचारलं, ‘मांजर कुठे झोपते?’ पुन्हा खडू खाली. तो म्हणाला, ‘आईच्या पायाशी.’ मग खाणारे गृहस्थही बोलायला लागले, करड्या बाई हात वर करायला लागल्या. दहा मिनिटं कुठे गेली कळलं नाही. मी बोलले किती? मूठभर. आयुष्यात इतकी कमी मी कधी बोलले नसेन.

संपलं असं वाटलं. तर करड्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘एक शेवटचं. आमची गावं लहान आहेत. हिवाळा लांबतो, संध्याकाळी रस्त्यावर कोणी नसतं. पुष्कळ शिक्षक वर्षाच्या आत परत जातात, कामामुळे नाही, एकटेपणामुळे. तुम्ही एकट्या राहू शकाल का?’

याचं उत्तर माझ्याकडे होतं. लिहिलेलं, पाठ केलेलं. ‘मी स्वभावाने बोलकी आहे, माणसं सहज जोडते.’ तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. मी गप्प. आणि त्या बाईसुद्धा गप्प! त्यांनीही आपला खडू खाली ठेवला होता. तिघंही थांबले होते. ताई, माझ्या उत्तरासाठी कोणी इतकं थांबलेलं मला आठवत नाही. माझ्यासाठी थांबायची वेळच मी कोणावर येऊ दिली नव्हती.

मग मी म्हणाले, ‘माझी बहीण होती. म्हणजे आहे, पण आता तिच्या घरी आहे. दीड वर्ष मी एकटीच राहतेय. चांगलं नाही जमत मला. पण सराव झालाय.’

एवढंच. मग मला रडू यायला लागलं, तेव्हा मी फळ्याकडे तोंड करावं तसं चित्राकडे केलं. मुलाखतीत रडतात का कोणी? ‘सराव झालाय’ म्हणे! त्यांनी आभार मानले आणि पडदा काळा झाला.

मोठ्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘गेली नोकरी. पण उत्तर चांगलं होतं.’ जिन्यावरच बसल्या माझ्याजवळ, दिवा नव्हता तरी. काठीने पायरीवर टकटक करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तू गेलीस तर वरून आवाज नाही यायचा. तुझं ते दोघींचं बोलणं मला खाली ऐकू येतं.’

मी मेले शरमेने. पण बरंही वाटलं, कोणीतरी ऐकत होतं म्हणून.

कोट छान आहे. हे आधी लिहायचं होतं.

तुझी,
टकळी


१४ एप्रिल, रविवार

ताई,

निवड झाली.

मंगळवारी कळलं. होकार कळवायला त्यांनी पंधरवडा दिला होता, मी दुसऱ्याच दिवशी कळवून टाकला. ऑगस्टमध्ये निघायचं. शाळेत राजीनामा दिला. सातवीतल्या त्या घोगऱ्या मुलीने विचारलं, ‘बाई, परत येणार का?’ आणि मी सांगेपर्यंत थांबून राहिली, सरळ माझ्या डोळ्यांत बघत. माझीच विद्या माझ्यावर! मी म्हटलं, ‘येईन.’

आज सकाळपासून हे पत्र लिहितेय. तीन कागद फाडले. टकळीला शब्द सापडत नाहीत, घे, हेही बघून घे.

त्याचं असं झालं. काल कोट झाडून कपाटात ठेवत होते. कॉलरला मागून काहीतरी लागलं. अस्तर चाचपलं तर आत टाचणी. मुलाखतभर टोचत होती ती हीच. कापड नव्हे.

तुझ्या हातून टाचणी कधी राहिली नाही, ताई. कपडा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी तू तो पालथा करून, उलटा करून, तळहाताने सगळा चाचपायचीस. लहान मुलांचे कपडे तर गालावर फिरवून बघायचीस. आपल्या घरातल्या कपड्यांचंही तेच. मला आठवतं तेव्हापासून मला तुझी टाचणी कधी लागली नाही.

मग या कोटात कशी राहिली?

झालं, लागले मी उत्तरं द्यायला. घाई झाली असेल. भाऊजींनी हाक मारली असेल. नजर कमी झाली असेल. पण नवरा चष्मेवाला, तेव्हा ते कारण चालायचं नाही. मग वाटलं, शिवताना तुझं लक्ष नसेल. मग वाटलं, लक्ष नसेल तर कुठे असेल? आणि तिथे मी गप्प झाले. कारण तिथून पुढचं उत्तर मला फार हवंय, आणि हवं असलेलं उत्तर आपणच आपल्याला दिलं तर त्याला काय अर्थ आहे.

पहिल्या पत्रात मी तुला विचारलं होतं, तिकडे करमतं ना. आणि त्याच ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले होते. ते उत्तर मी खोडते. तुझ्याकडे ते पत्र असेल तर तूही खोड.

भिऊ नकोस, जायचं माझं पक्कं आहे. तू काहीही म्हणालीस तरी मी जाणार. तिथली खोली, हिवाळा, ती पोरं, सगळं मला हवंय, खरंच हवंय. तेव्हा तुझ्या बोलण्याने माझं काही अडेल किंवा मोडेल, ही काळजी करू नकोस. भाऊजींवर माझा राग नाही. होता, आता नाही. त्या दिवशी तू ‘हो’ म्हणालीस ते बरोबरच केलंस. फक्त मला वाटत राहिलं की एकेक टाचणी काढत होतीस तेव्हा एकदा तरी माझ्याकडे बघायला हवं होतंस.

माझं मी सांगते. मला तुझ्याशिवाय करमत नाही. एक दिवस करमलं नाही. टेबल हलवून हलवून डाग झाकतेय, झाकले जात नाहीत. मापं मागितलीस तेव्हा मला कोट नको होता, तू अडवायला हवं होतंस. अडवलं असतंस तरी मी गेलेच असते, पण अडवायला हवं होतंस.

टाचणी सोबत कागदाला टोचून पाठवतेय. तुझी आहे.

आता एकच विचारते. कार्ड नको, ‘हं’ नको. फोन केलास तर स्पीकर बंद कर, भाऊजींना बाहेर फिरायला पाठव. तोंडात टाचण्या असतील तर काढ. एकेक करून काढ, हव्या तेवढ्या सावकाश. मी मधे बोलणार नाही.

ताई, तुला माझ्याशिवाय करमतं का?

खडू खाली ठेवलाय.

टकळी